कापताना मी एक, फॉर्म लावताना दोन!

"आजी, एवढी कसली घाई? रिफंड मिळेल ना!"

आज सकाळी कर्वे रस्त्यावरच्या बँकेत एका पोरसवदा साहेबानं हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं आणि तेव्हापासून डोक्यात तिडीक गेली आहे. रिफंड मिळेल म्हणे! माझ्या ठेवीचं व्याज, त्यातून यांनी कापलेले माझे पैसे, ते परत मिळवायला रिटर्नही मीच भरायचं. आणि घाई कसली म्हणून वर मलाच विचारायचं?

दर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी १५ एच नेऊन देत आले, म्हणजे माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, व्याजातून कापू नका, असं ज्येष्ठांनी बँकेला लिहून द्यायचा फॉर्म. गेल्या एप्रिललाही दिला. पोच आहे माझ्याकडे, गोल शिक्का, खाली हिरव्या शाईतली सही. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागत नाही, माझी पेन्शन आणि व्याज मिळून त्याच्या जेमतेम निम्मं भरतं. तरी मार्चमध्ये व्याजावर १० टक्के टीडीएस, म्हणजे व्याज हातात पडायच्या आधीच कर, कापला. पोच पुढे केली तर साहेबांनी ती उलटीपालटी करून बघितली, मग बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचे दोन कस्टमर आयडी आहेत. फॉर्म एका आयडीला लागलाय, एफडी दुसऱ्या आयडीत आहे."

दोन आयडी मी मागितले होते का? बँका एकमेकींत विलीन झाल्या, जुन्या बँकेतला माझा आयडी तसाच लोंबकळत राहिला, त्याला मी काय करू? बरं, असू देत दोन. मग ज्येष्ठांचा टीडीएस ज्याच्यापुढे कापतात ती १ लाख रुपये व्याजाची मर्यादा ओलांडली हे कुठून कळलं? दोन्ही आयडींचं व्याज पॅनवरून बरोब्बर एकत्र केलंत म्हणूनच ना? पैसे कापायच्या वेळी मी एक बाई, आणि माझा फॉर्म लावायच्या वेळी दोन बायका! हेच त्याला विचारलं. त्यानं खांदे उडवले आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

"लवकर रिटर्न भरून टाका मग," हा जाता जाता दिलेला सल्ला. अरे, कसं भरू? जानेवारी ते मार्चचा टीडीएस कळवायला तुम्हाला ३१ मेपर्यंत मुदत. तोवर २६ एएसमध्ये, म्हणजे करखात्याकडच्या माझ्या कापलेल्या कराच्या नोंदीत, ती रक्कम येण्याची खात्री नाही. फॉर्म १६ आणि १६ ए, हे कर कापल्याचे दाखले, मिळणार १५ जूनपर्यंत. २०२४ मध्ये आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी एप्रिलमध्येच रिटर्न भरलं, तर करखात्याच्या बेंगळुरूच्या केंद्रातून रिटर्न तपासल्याची १४३(१) ची सूचना आली, टीडीएस जुळत नाही. सरळमार्गी माणूस, वेळेआधी काम उरकलं, आणि खुलासे करत तोच बसला. चोर सोडून संन्याशाला फाशी! २०२५ ला तर फॉर्मच उशिरा आले. ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेली, ऐन वेळी पोर्टल रडायला लागल्यावर १६ सप्टेंबर झाली. त्यांना तारखा हव्या तशा सरकवता येतात. आपलं उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल आणि एक दिवस चुकला तर ५००० रुपये लेट फी. आपण कर थकवला तर महिन्याला १ टक्का व्याज, त्यांनी रिफंड थकवला तर अर्धा टक्का. याला न्याय म्हणायचं?

आणि आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. वय वर्षं ७५ पूर्ण झालं, उत्पन्न फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असं असेल तर रिटर्न भरावं लागत नाही, बँकेनंच हिशेब करून कर कापायचा, असा नियम २०२१ ला आला, जुन्या आयकर कायद्यातलं कलम १९४ पी. त्यासाठीचा फॉर्म १२ बीबीए मागितला होता तर काउंटरवर कुणाला नावसुद्धा माहीत नव्हतं. तशीही ज्येष्ठ नागरिक योजनेतली ठेव पोस्टात आहे, म्हणजे सवलत गेलीच. म्हाताऱ्या माणसाचे सगळे पैसे एकाच बँकेत असतात असं ज्यानं ठरवलं त्याला कधी कुणी भेटलं आहे का आमच्यासारखं?

नोव्हेंबरात हयातीचा दाखला, तेव्हा बोटांचे ठसे उमटत नाहीत. आयुष्यभर भांडी घासली, धुणी धुतली, कुठून उमटतील? "पुसून परत ठेवा आजी." मध्येच केवायसी, तेच आधार, तेच पॅन, परत झेरॉक्स. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, म्हणून बँकेपर्यंत जायचं ते भर रस्त्यातून, अंगावर येणाऱ्या रिक्षा चुकवत. आणि इतकं करून आत गेलं की, "ऑनलाइन करता आलं असतं की!"

त्या कापलेल्या पैशात यांची दोन महिन्यांची औषधं आली असती. औषधवाला म्हणत नाही, रिफंड आल्यावर द्या.

आज मात्र उठले नाही तिथून. दोन्ही आयडी एक करा आणि १५ एच असताना टीडीएस का कापला ते लेखी कळवा, असा अर्ज तिथंच बसून लिहिला. पोच देताना तारीख घातली नव्हती, ती घालून घेतली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अर्ज रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, हेही मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. तुमच्याकडेही असे दोन आयडी असतील तर आत्ताच पासबुकं काढून ताडून बघा.