'एक बहीण' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: स्वप्न, ताबीर आणि विसरलेली आठवण

ताई,

सही 'एक बहीण' अशी केलीत म्हणून ताई म्हणतोय, चालेल ना? तुमची प्रतिक्रिया आठ दिवस तशीच ठेवली होती. पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर उत्तर कसलं, स्वतःची वकिली झाली असती.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दडपलेली आठवण स्वप्नातून परत येते असं धरून चालणं धोक्याचं आहे आणि या एका बाबतीत इस्लामी परंपरा नि आजचं मानसशास्त्र यांचं बऱ्यापैकी जुळतं, असं मी लिहिलं होतं. ताईंचे आक्षेप तीन. ताबीरसाठी, म्हणजे स्वप्नांचा अर्थ सांगण्यासाठी, प्रसिद्ध असलेल्या इब्न सिरीनच्या पुस्तकाचा दाखला देऊन मी धर्माला विज्ञानाचा सदरा चढवला. 'वाईट स्वप्न कुणाला सांगू नये' ही शिकवण मी कौतुकानं मांडली, पण याच वाक्यानं घराघरांत मुलींची तोंडं बंद केली जातात. आणि तिसरा, ज्यानं माझी झोप उडवली: तीन वर्षांपूर्वी त्यांना एका नातेवाइकाच्या खोलीचं स्वप्न पडायला लागलं, त्यातून लहानपणचं आठवलं, आणि माझा लेख वाचून त्यांना वाटलं की हा परका पुरुष मला खोटं पाडतोय.

पहिला आक्षेप तुम्ही केलात त्याहून जास्त मान्य. 'इब्न सिरीनच्या ग्रंथात लिहिलंय' हे माझं वाक्यच चुकीचं होतं. मुहम्मद इब्न सिरीन बसऱ्याचे, कापडाचे व्यापारी, हिजरी ११० मध्ये वारले, म्हणजे इसवी सन ७२८-२९ च्या सुमारास. त्यांच्या नावावर खपणारे स्वप्नकोश पुढच्या शतकांत इतरांनी रचलेले आहेत. दर्ग्याबाहेर अत्तर नि तसबीहच्या शेजारी जो उर्दू ख्वाबनामा मिळतो, साप दिसला की दुश्मन, दात म्हणजे घरातलं माणूस, तो याच घराण्यातला. माझ्या नानीकडे त्याची मुखपृष्ठ गेलेली प्रत होती. तिच्यावरच वाढलो, म्हणून हात सवयीनं तिकडे गेला.

खऱ्या इब्न सिरीनबद्दल जे नोंदलं गेलंय ते या कोशांना फारसं सोयीचं नाही. लोक शंभर स्वप्नं घेऊन आले तरी ते बहुतेकांना एवढंच सांगत की जागेपणी अल्लाहला भिऊन नीट वाग, झोपेत पाहिलेल्यानं तुझं काही बिघडत नाही. अर्थ सांगितलाच तर वर जोडत, मी अंदाजानं बोलतो, अंदाज लागतो तसा चुकतोही. त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. दोघांनी एकच स्वप्न सांगितलं, मी अजान देतोय. एकाला म्हणाले हज घडेल, दुसऱ्याला म्हणाले चोरीच्या शिक्षेत हात कापला जाईल. कारण एकाचा चेहरा पाहून त्यांना कुरआनातली हजची हाक आठवली आणि दुसऱ्याचा पाहून सूरह यूसुफमधली, 'काफिल्यातल्या लोकांनो, तुम्ही चोर आहात'. ही गोष्ट ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना साप म्हणजे दुश्मन हा हिशेब पुरेसा वाटत नसणार.

आणि सदऱ्याचं म्हणाल तर दोन्ही एकच आहेत असं मला म्हणायचं नव्हतं. उलट, ताबीर सांगणारा मुअब्बिर स्वप्नात पुढे काय होणार ते शोधतो, मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड मागे काय झालं ते. लहानपणी घडलेलं, मनानं गाडून टाकलेलं आणि स्वप्नात वर आलेलं काही, हा विचारच जुन्या ताबीरमध्ये मला सापडत नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नात घडला. खुद्द फ्रॉइडनं १८९६ मध्ये ठासून मांडलं की हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणीचा विसरलेला लैंगिक अत्याचार असतो, आणि २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात मित्र फ्लीसला कळवलं की माझा यावरचा विश्वास उडाला. तो सत्यापासून पळाला की चुकीतून सावरला, यावर अजून भांडणं चालू आहेत. तेव्हा आज एखादा आमिल, म्हणजे तावीज-झाडफूक करणारा, डोळे मिटून म्हणतो, 'बेटी, लहानपणी तुझ्यासोबत कुणीतरी काहीतरी केलंय, ख्वाबात दिसतंय', तेव्हा तो इब्न सिरीनच्या नावानं व्हिएन्नाचा माल विकत असतो. माझ्याच नात्यातल्या दोन घरांचं येणंजाणं अशा एका वाक्यावर सहा वर्षं बंद आहे. मूळ लेख रागात लिहिला गेला तो त्यामुळे. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं.

आता दुसरा आक्षेप.

हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या नोंदलेल्या वचनांत, स्वप्नं तीन प्रकारची सांगितली आहेत: अल्लाहकडून आलेली खूशखबर, शैतानाकडून आलेली धास्ती, आणि माणसाचं मन स्वतःशीच जे बोलतं ते. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात ही हदीस पैगंबरांचे साथी अबू हुरैरा यांच्याकडून ज्यांच्यामार्फत आली ते हेच इब्न सिरीन. धास्तीच्या स्वप्नासाठी सूचना आहेत: डावीकडे तीनदा हलकं थुंकावं, अल्लाहचा आसरा मागावा, कूस बदलावी, आणि ते कुणाला सांगू नये. एक बदू, वाळवंटातला भटका अरब, येऊन म्हणाला, माझं मुंडकं तुटून गडगडत चाललंय आणि मी त्याच्यामागे धावतोय असं पाहिलं. पैगंबर म्हणाले, शैतान झोपेत तुझ्याशी खेळला, ते लोकांना सांगत बसू नकोस.

यातला सल्ला शहाणपणाचा आहे असं मला अजून वाटतं. भीतीला रोज नवा श्रोता दिला की ती फुगते. पण तुम्ही म्हणता तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. मुलगी रात्री किंचाळून उठते. कुणीतरी पाणी देतं, रक्षणासाठी म्हणतात ती कुरआनातली आयतुल कुर्सी पुटपुटतं, 'शैतान होता, झोप, कुणाला सांगू नको'. सकाळी तिला कुणी विचारत नाही की काल दिवसभरात काय झालं, संध्याकाळी कुणाकडे गेली होतीस. सूचना होती स्वप्नाबद्दल, घरानं ती घडलेल्या गोष्टीला लावली. कुरआनाचं सांगणं वेगळं आहे. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत म्हटलंय की वाईट गोष्ट उघडपणे बोलणं अल्लाहला आवडत नाही, मात्र ज्याच्यावर जुलूम झालाय त्याची गोष्ट वेगळी. हा अपवाद माझ्या लेखात नव्हता. असायला हवा होता, आणि तोही पहिल्या परिच्छेदात.

अत्याचारातून गेलेल्या माणसाच्या वाईट स्वप्नाला सरळ शैतानाच्या खात्यात टाकणंही मला आता पटत नाही. तिसरं खातं आहे ना, मनाचं स्वतःशी बोलणं. ते मी लेखात एका ओळीत उरकलं होतं. नानीला कुणी सकाळी 'मी स्वप्न पाहिलं' म्हटलं की ती आधी 'खैर हो' म्हणायची आणि मग हातातलं काम बाजूला ठेवून ऐकायची. अर्थ क्वचित सांगायची. बहुतेकदा विचारायची, 'काल काय खाल्लंस, कुणाशी भांडलीस?'

तिसऱ्याबद्दल लिहिताना हात अडखळतोय.

माणूस भयंकर गोष्ट विसरू शकतो का? काही वेळा, हो, असं दिसतं. १९९४ मध्ये लिंडा विल्यम्स यांनी अमेरिकेतल्या १२९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी त्यांच्यावर झालेल्या अत्याचाराची रुग्णालयात नोंद होती. सतरा वर्षांनी विचारलं तर ३८ टक्क्यांनी ती घटना सांगितली नाही. न सांगणं म्हणजे विसरणंच असं नाही, पण ते सगळं लाजेवर ढकलणंही अवघड आहे.

दुसरी बाजूही तितकीच पक्की. इटलीत जुलियाना मात्सोनी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक प्रयोग केला. तरुण विद्यार्थी आपली स्वप्नं घेऊन एका मानसोपचारतज्ज्ञाकडे आले. त्यानं अर्ध्या तासात सांगितलं की तुमच्या स्वप्नावरून वाटतं, तीन वर्षांचे व्हायच्या आत तुम्ही कुठेतरी हरवला असाल. काही दिवसांनी विचारलं तर जे आधी 'असं काही झालं नाही' म्हणत होते त्यांतल्या बहुतेकांची खात्री डळमळली होती. तीन वर्षांच्या आतलं, जे वय आपल्यापैकी जवळजवळ कुणालाच आठवत नाही! स्वप्न त्यांचंच होतं, भूतकाळ मात्र अर्थ सांगणाऱ्यानं दिला.

माझंही एक आहे. कित्येक वर्षं मला नानीच्या घरामागची पायऱ्यांची विहीर स्वप्नात दिसायची, शेवाळलेली, आणि मागून कुणीतरी ढकलायचं. कोण, तेही मला 'माहीत' होतं. खालाला, म्हणजे मावशीला, विचारलं तर ती हसली. म्हणाली, त्या घराला पायऱ्यांची विहीर कधी नव्हतीच, रहाटाची होती, तीही अंगणात, पुढे. ज्याच्यावर माझा संशय होता तो चुलतमामा तेव्हा कुवैतला होता. भीती कुठून आली ते अजून कळलेलं नाही.

पण तुमचं प्रकरण माझ्या विहिरीसारखं नाही, ताई. तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय: 'माझ्या मावसबहिणीनंही त्याच माणसाबद्दल तेच सांगितलं, मी काही बोलायच्या आधी.' त्या कंसासमोर माझा लेख गप्प बसतो. एल्के खेरार्ट्स आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात ज्यांना अत्याचार कायम आठवत होता त्यांच्यापैकी ४५ टक्क्यांच्या बाबतीत बाहेरून दुजोरा मिळाला. ज्यांना मध्ये विसर पडून आपसूक आठवलं, त्यांच्यापैकी ३७ टक्क्यांच्या बाबतीत. म्हणजे फारसा फरक नाही. ज्यांना थेरपीत खोदून खोदून आठवलं, त्यांच्यापैकी एकाच्याही बाबतीत नाही. हा शेवटचा गट लहान होता, पण तुम्ही त्यात मोडतच नाही. तुमची आठवण कुणी खोदून काढली नाही आणि बाहेरून दुजोराही आहे. मी तुमच्यावर विश्वास ठेवतो, तुमच्या स्वप्नामुळे नव्हे, तुमच्या आणि तुमच्या बहिणीच्या शब्दामुळे.

हा फरक नुसता शब्दांचा वाटत असेल तर काझी शरीकची गोष्ट ऐका. खलीफा महदीला स्वप्नात शरीक पाठ फिरवून उभे दिसले. ताबीर सांगणारा म्हणाला, हा वरून आज्ञा पाळतो, आतून द्रोही आहे. खलीफानं त्यांना बोलावून धमकावलं. शरीक म्हणाले, तुमचं स्वप्न पैगंबर इब्राहीमचं नाही आणि तुमचा ताबीर सांगणारा पैगंबर यूसुफ नाही, खोट्या स्वप्नांवर तुम्ही ईमानवाल्यांच्या माना उडवणार का? ही गोष्ट जुने इस्लामी विद्वान शातिबी यांनी आपल्या ग्रंथात सांगितली आहे. निरपराधाला वाचवणारी म्हणून मी ती आजवर वापरत आलो. तुमच्यामुळे दुसरं दिसलं. साक्ष स्वप्नावर उभी केली की उद्या तुमचा तो नातेवाईकही म्हणेल, 'हिला तर स्वप्न पडलं होतं.' त्याच्या हातात ते का द्यायचं? बहिणीचा शब्द पुढे ठेवा, स्वप्न मागे राहू द्या.

रात्री पडणाऱ्या त्या स्वप्नांचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंत. भयस्वप्नांसाठी एक साधी रीत आहे: दिवसा, उजेडात, ते स्वप्न कागदावर घ्यायचं, त्यात हवा तो बदल करायचा, आणि बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ मनात फिरवायचं. २००१ मध्ये बॅरी क्रॅकाव यांनी लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांवर ही पद्धत तपासली, त्यांची भयस्वप्नं बरीच कमी झाली. एकटीनं सुरू करू नका, जाणकार समुपदेशक सोबत हवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि ज्या कुणी पहिल्याच भेटीत 'तुमच्यावर काय झालं ते मी सांगतो' म्हटलं, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका, मग तो आमिल असो की भिंतीवर पदव्या टांगलेला डॉक्टर.

मूळ लेखात इब्न सिरीनच्या पुस्तकाचं वाक्य काढलंय आणि निसाची आयत घातली आहे. तुमचं कंसातलं वाक्य इथे न विचारता वापरलं, कारण त्यावाचून उत्तर देता येत नव्हतं. नको असेल तर कळवा, लगेच काढतो.