पहिल्या घासापासून दोन तास

तपासणीच्या दिवशी सकाळी सात वाजता लॅबच्या बाकावर बसलेली आम्ही शुगरवाली मंडळी बघावीत. चेहऱ्यावर भाव दहावीच्या गणिताच्या पेपरचा. अभ्यास सगळ्यांनी केलेला असतो, फक्त शेवटच्या ४ दिवसांत. भात बंद, बटाटा बंद, चहा बिनसाखरेचा, आणि संध्याकाळी मैदानाला अशा फेऱ्या की कट्ट्यावरची कुत्रीही अदबीने बाजूला होतात. त्याआधीच्या ८६ दिवसांचा विषय कोणी काढत नाही.

पहिला पेपर फास्टिंगचा. निदान ८ तास पोट रिकामं, पाणी चालतं. मधुमेह्यासाठी साधारण ८० ते १३० म्हणजे पास. यात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न हमखास असतो. रात्री फुलका आणि दुधीची भाजी खाऊन १३० वर झोपलेला माणूस सकाळी १५५ वर उठतो. मग घरात चौकशी बसते, रात्री लाडवांचा डबा कोणी उघडला? कोणीही नाही. पहाटे तीन-चारच्या सुमाराला कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे मंडळी जागी होतात आणि यकृताला साठवणीतली साखर बाहेर काढायला लावतात. यकृताचा स्वभाव आजीचा, पोरगं उठायच्या आत त्याच्या पोटात काहीतरी पडलं पाहिजे! ज्यांचं इन्शुलिन धड असतं त्यांच्यात हा खाऊ गुपचूप वाटेला लागतो. आमच्यात तो रक्तातच ठाण मांडतो. चिडून रात्रीचं जेवणच सोडणं हा यावरचा इलाज नव्हे. जेवण लवकर आणि बेताचं घ्यावं, त्यावर थोडं चालावं, आणि तरीही आकडा रोज हट्ट करत असेल तर गोळीचं काय ते डॉक्टरांनी ठरवावं. व्हॉट्सअॅपवरच्या मामांनी नव्हे.

दुसरा पेपर पीपीचा, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या शुगरचा, आणि खरी कॉपी इथेच चालते. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून. आमच्याकडे ते हात धुतल्यापासून मोजले जातात. नाश्ता, वर्तमानपत्र आणि सुनेला सूचना असा ४५ मिनिटांचा कार्यक्रम झाला की लॅबमध्ये पोचेपर्यंत पावणेतीन तास होतात. तोवर आकडा उतरणीला लागलेला असतो आणि घरात आनंदीआनंद. रोज मिसळीबरोबर चार पाव उडवणारा माणूस त्या दिवशी दोन इडल्या खातो, तीही चटणी न लावता, जणू खोबऱ्यात गुन्हा आहे. दुसरा एक पंथ आहे, ‘आज तपासणी आहे’ म्हणून जेवणाबरोबरची गोळीच न घेणाऱ्यांचा. त्यांचा आकडा २८० येतो आणि डॉक्टर बिचारे डोस वाढवतात. वेगळं काही सांगितलं नसेल तर रोजची गोळी, रोजचा नाश्ता आणि रोजचीच हालचाल, एवढंच या पेपरात अपेक्षित असतं. लॅबच्या आवारात येरझाऱ्या घालून मिळवलेले १६० हे उसने असतात.

म्हणून तर एचबीएवनसी नावाची तपासणी आहे. तांबडी रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते, आणि जगते तोवर आजूबाजूची साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब, त्यातही गेल्या महिन्याचा जास्त ठळक. चाळीत समोरच्या खोलीत बसणाऱ्या काकूंसारखी ही तपासणी आहे. तुम्ही गणपतीत किती मोदक खाल्ले, हे तुम्ही विसरता, काकू नाही. फक्त लोहाची कमतरता असेल तर काकू थोडं वाढवून सांगतात आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर कमी. तेव्हा शेजारी हिमोग्लोबिनचा आकडाही बघावा.

घरच्या यंत्राची तऱ्हा निराळी. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर ते इमानदारीने आंब्याची शुगर सांगतं. हात साबणाने धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे, आणि बोटाच्या पेराला मधोमध न टोचता कडेला टोचायचं. तिथे दुखतं कमी. थेंब येत नाही म्हणून बोट उसासारखं पिळायचं नाही, पिळल्यावर रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. हात खाली सोडून दोनदा झटकला की थेंब आपसूक येतो. पट्ट्यांची डबी लगेच बंद करायची. कोकणातल्या पावसाळ्यात पापडाचं जे होतं तेच पट्टीचं होतं, फरक इतकाच की पापड मऊ पडल्याचं कळतं. आणि एकाच हाताच्या दोन बोटांत १४८ आणि १६१ आले तर न्यू जर्सीतल्या मुलाला फोन लावू नये. या यंत्रांना १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं.

आता भाकरी. शुगर निघाली रे निघाली की पहिला सल्ला येतो, ‘पोळी सोडा, भाकरी धरा.’ सल्ला देणारा माणूस भाकरीचा आकार सांगत नाही. घरातला फुलका साधारण २५ ग्रॅम कणकेचा, त्यात कर्बोदकं १७-१८ ग्रॅम. ताटाएवढी, हातावर थापलेली ज्वारीची भाकरी ७० ग्रॅम पिठाची असू शकते. तिच्यात कर्बोदकं ५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक भाकरी आणि जवळजवळ तीन फुलके एकाच तागडीत. दोन फुलके सोडून दोन भाकऱ्या धरणारा माणूस पथ्याच्या नावाखाली आहार जवळपास तिप्पट करतो, वर महिनाभराने विचारतो, ‘ज्वारी मानवत नाही का हो मला?’ ज्वारी उत्तम आहे, चोथा आहे, पोट भरलेलं राहतं. पण ते पीठच आहे, भस्म नव्हे. एकदाच, फक्त एकदाच, स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडं पीठ मोजून अर्धी भाकरी थापून बघावी. ती ताटात ठेवल्यावर जो पोरकेपणा जाणवतो, तिथे खरं पथ्य सुरू होतं. भूक उरते ती भरायला पिठलं, उसळ, ताक आणि पालेभाजी आहेतच. फक्त पिठल्याबरोबर ‘अजून चतकोर’ म्हणायची सवय मोडावी लागते. चतकोराला आमच्यात संख्या नसते.

ताटाचा क्रमही उलटा करावा लागतो. आपल्या पंगतीत पहिली मूद वरणभाताची, वर तुपाची धार, आणि कोशिंबीर म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचं नक्षीकाम. शुगरला हा क्रम मुळीच सोसत नाही. आधी डावी बाजू संपवावी, कोशिंबीर आणि भाजी. मग उसळ, वरण, अंडं किंवा मासे. भाकरी त्यानंतर, आणि भात सगळ्यात शेवटी, दोन घास. तेच जेवण, तेवढंच वजन, पण आधी पोचलेला चोथा आणि प्रथिनं यांच्यामुळे साखर रक्तात सावकाश चढते. लग्नाच्या पंगतीत मात्र यजमान येऊन म्हणतात, ‘अहो, भाताला हात नाही लावला? राग आलाय का?’ याचं उत्तर आजवर कोणत्याही आहारतज्ज्ञाने लिहून दिलेलं नाही.

साबुदाण्याबद्दल थोडक्यात. एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण बहुधा आमच्याच एखाद्या भाऊबंदाने पाडली असावी. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं. दाण्याचा कूट थोडी लाज राखतो, इतकंच. उपवास करायचाच तर डॉक्टरांना विचारून. ग्लिमेपिराईडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन दिवसभर निर्जळी करणाऱ्याला विठ्ठलाआधी अँब्युलन्स भेटण्याची शक्यता असते. गूळ चालतो का? नाही. मध? नाही. ‘शुगर फ्री’ बिस्किट? त्यात मैदा फ्री नसतो. कारल्याचा रस पिऊन वर जिलबी खाणाऱ्यांचं म्हणणं असतं की कडूने गोड कटतं. कटतं, जिभेवर.

दीक्षित की दिवेकर, हा वाद काही वर्षांपूर्वी कित्येक घरांत जेवणाच्या टेबलावर झाला. डॉ. दीक्षितांचं म्हणणं दिवसात दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा. मराठी माणसाने समन्वय साधला. जेवणं दोन, आणि मधे दर दोन तासांनी थोडं थोडं. शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर कोणताही पंथ डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, कारण जेवण कमी केलं तरी गोळीला ते कोणी कळवलेलं नसतं.

‘मी तर काडीपैलवान, मला कशी होईल?’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ सालचा एक प्रसिद्ध फोटो आठवावा. शेजारी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, म्हणजे कागदावर जुळे भाऊ. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, ती पोटात आतल्या खोलीत भाडं न देता राहते. म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेप महत्त्वाची. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. श्वास ओढून, पोट आत घेऊन मोजलेली नव्हे. आपण कोणाला फसवतो आहोत?

व्यायामात पूर्वजांनी एक चांगली सोय करून ठेवली होती, शतपावली. कल्पना नामी, आकडा तेवढा अपुरा. बऱ्यापैकी चालणारा माणूस १०० पावलं एका मिनिटात टाकतो, आणि आपल्याला जेवणानंतर १० ते १५ मिनिटं हवीत, म्हणजे सहस्रपावलीच्याही थोडं पुढे. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणूनच सकाळी तासभर चालून उरलेला दिवस खुर्चीत काढण्यापेक्षा दर जेवणानंतरच्या या चार फेऱ्या पीपीला जास्त लागतात. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरावीत, सलग दोन दिवस खाडा नको. वेग असा की बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. शिवाय स्नायू हेच साखरेचं गोदाम. ते वाढवायला आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, १० चे तीन फेरे. पहिल्या आठवड्यात जिना उतरताना आपण कोणाला नमस्कार करतोय असं लोकांना वाटेल, वाटू द्यावं. सकाळच्या चालण्याच्या गटांबद्दल माझं मत वाईट आहे. ३ किलोमीटर चालून साधारण १५० कॅलरी जाळायच्या आणि कोपऱ्यावर ३०० चा वडापाव खाऊन ‘आज मस्त झालं’ म्हणायचं, याला व्यायाम नव्हे, वर्गणी म्हणतात.

बूट संध्याकाळी घ्यावेत, पाय दिवसभरात सुजतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. रोज रात्री पाय बोटांच्या फटींसकट बघावेत, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली की खडा टोचलेला कळत नाही, आणि उन्हात तापलेल्या फरशीवरची अनवाणी प्रदक्षिणा महागात पडते. इथे विनोद सुचत नाही.

आणि मग एक दिवस सगळं उलटं होतं. गोळी घेतली, जेवायला उशीर झाला, वर जास्तच चाललो. दरदरून घाम, हात थरथर, छातीत धडधड, आणि कशावरही चिडचिड. यंत्रावर आकडा ७० च्या खाली. वर्षभर ‘एका पेढ्याने काय होतंय’ म्हणणाऱ्या घराला आता पेढा द्यायची आयती संधी मिळते, आणि नेमका आताच पेढा कामाचा नसतो; खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. चॉकलेटचंही तेच. चहाचे तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात ढवळून प्यायची. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखरही हळू काम करते. त्याला ग्लुकोजची पावडरच लागते, ती घरात हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय.

शुद्धीवर असेल तर १५ मिनिटं थांबायचं. या १५ मिनिटांत घरातला प्रत्येक जण काही ना काही आणून समोर धरतो, केळं, चिक्की, गेल्या दिवाळीचा अनारसा. थांबायचं. मग पुन्हा बोट टोचायचं, पण त्याआधी हात साबणाने धुवायचे. कारण पाणी ढवळताना चमचा सापडलेला नसतो, बोटच घातलेलं असतं; आणि त्या बोटावर यंत्र ३१० दाखवतं. मग घरातले एकमेकांकडे बघून म्हणतात, ‘तरी सांगत होतो, तीन चमचे जास्त होतात.’