न्यूट्रल म्हणजे अर्थिंग नव्हे, आत्या

‘घर शॉकप्रूफ करा, बिल अर्धं करा: सहा सोपे उपाय’ हा मेसेज गेले काही दिवस प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. खाली ‘एका अनुभवी इंजिनिअरकडून’ अशी सही, नाव नाही. मी तो चार वेळा डिलीट केला. पाचव्यांदा तो कराडच्या आत्याकडून आला, सोबत तिचा आवाज: “अरे, यातले पहिले दोन करून घेतले बरं का आपल्या गल्लीतल्या वायरमनकडून. आता ते बटण सारखं पडत नाही.”

ते बटण म्हणजे आरसीसीबी: घरात गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की सप्लाय तोडणारं. पडत नाही, कारण ते काढून टाकलंय. माझं पोट वायरिंगच्या कामावर चालतं आणि घरातली बाई हे करून बसली, म्हणून हा खटाटोप.

पहिला उपाय असा: ‘जुन्या घरात अर्थिंग नसेल तर खड्डा खणायची गरज नाही. थ्री पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला न्यूट्रलमधून छोटी वायर जोडा. न्यूट्रल शेवटी जमिनीलाच जातो.’

शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. डीपीवर ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल अर्थ केलेला असतो. पण ती डीपी आणि आत्याचा फ्रिज यांच्यामध्ये खांब आहेत, तारा आहेत, मीटर आहे, कटआउट आहे आणि कुणीतरी कधीतरी पिळलेले डझनभर जॉइंट आहेत. न्यूट्रलमधून सगळ्या घराचा करंट परत जात असतो. त्यामुळे तो तापतो, जॉइंट काळे पडतात, ढिले होतात. अर्थच्या वायरीतून एरवी काहीच वाहत नाही. ती फक्त वाईट दिवसासाठी असते.

आता तो वाईट दिवस बघा. सकाळी गिझर चालू आहे आणि मीटरपासून बोर्डाकडे येणारा न्यूट्रलचा जॉइंट सुटला. फेज, म्हणजे करंट आणणारी जिवंत तार, तशीच चालू. दोन किलोवॉटच्या गिझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 26 ओहम, म्हणजे माणसाच्या अंगाच्या मानाने काहीच नाही. फेज कॉइलमधून पलीकडे न्यूट्रलच्या वायरीत येतो, पुढे वाट नाही, म्हणून लूपमधून, म्हणजे त्या जोडलेल्या छोट्या वायरीतून, थेट गिझरच्या पत्र्यावर आणि नळावर. एवढंच नाही, त्याच न्यूट्रलवर लूप मारलेलं प्रत्येक सॉकेट, म्हणजे फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सरची थ्री पिन, सगळ्यांच्या अंगावर जवळजवळ 230 व्होल्ट. आणि गिझर गार पडला की माणूस काय करतो? ओल्या पायांनी जाऊन हात लावून बघतो.

जॉइंट सुटायलाच हवा असंही नाही. बोर्ड बदलताना फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले गेले, तर प्लग लावल्या क्षणी फ्रिजचा दरवाजा जिवंत.

तरीही वायरमन हा लूप का मारतात, तर त्यांचा टेस्ट लॅम्प त्याला फसतो. फेज आणि अर्थच्या भोकात बल्ब लावला की लख्ख पेटतो आणि मालक खूश होतो, “बघा, अर्थिंग किती चांगलंय!” खरं म्हणजे ज्या घरात चालू स्थितीतला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, तिथे असा 60 वॅटचा बल्ब पेटत राहताच कामा नये. त्यातून पाव अँपिअरच्या वर करंट अर्थमध्ये जातो, म्हणजे आरसीसीबी ताबडतोब पडायला हवा. तो न पडता बल्ब शांतपणे पेटत राहिला, तर त्या भोकात न्यूट्रल आहे असं धरून चाला. ही तपासणी लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या, समोर उभं राहून.

दुसरा उपाय: ‘आरसीसीबी पावसाळ्यात विनाकारण पडतो. काढून टाका, एमसीबी पुरेसा आहे.’

विनाकारण! एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की पडणारं बटण, वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहम धरला तर शरीरातून जाणार 0.23 अँपिअर. जीव घ्यायला ते पुरेसं आहे, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. बरं, अर्थिंग चांगलं, 5 ओहमचं आहे असं समजू. पत्र्याला फेज लागला तर 46 अँपिअर जाईल. सी टाइपच्या 16 अँपिअर एमसीबीला झटक्यात पडायला किमान 80 लागतात. 46 वर तो तापून तापून पडेल, आणि तोवरचे सेकंद त्या पत्र्याला चिकटलेल्या माणसाचे.

हे माझं मत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांत लहान जोडण्या वगळून अशी गळतीरोधक यंत्रणा बंधनकारक केली आणि घरगुती जोडणीसाठी मर्यादा 30 मिलिअँपिअर घातली. नाव न सांगणाऱ्या इंजिनिअरपेक्षा मी त्यांचं ऐकेन.

आणि गंमत बघा, पहिल्या उपायामुळेच दुसऱ्याची गरज पडते. आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला, न्यूट्रल आणि अर्थ जोडले की वॉशिंग मशीन ओल्या फरशीवर उभं राहिल्याबरोबर थोडा न्यूट्रलचा करंट जमिनीतून परत जातो, हिशेब चुकतो आणि आरसीसीबी पडतो. मग तो ‘खराब’ ठरतो.

तिसरा उपाय, एमसीबी पडत असेल तर 32 अँपिअरचा बसवा. बसवा, आणि दीड चौरस मिलिमीटरची वायर भिंतीत भाजताना बघा. लोड वाटून घ्यायचा असतो, एमसीबी फुगवायचा नसतो.

चौथा, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी. हा त्यातल्या त्यात बरा आहे. मीठ आणि कोळशाने मातीचा रेझिस्टन्स उतरतो, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणं चांगलंच. पण मीठ खड्ड्यातला जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप खातं आणि दर पावसाळ्यात वाहून जातं. कातळावरच्या घरात तर बादलीभर मिठाने काही होत नाही. मीटर लावून मोजल्याशिवाय ‘अर्थिंग झालं’ म्हणू नये.

पाचवा, प्लगमध्ये लावायचं ‘पॉवर सेव्हर’ यंत्र. उघडून बघा, आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. कपॅसिटरने सुधारला तर पॉवर फॅक्टर सुधारतो, पण घरचं बिल निघतं युनिटवर. बिलात फरक पडेल तो त्या दिव्याचाच.

सहावा, ‘रबरी चप्पल घातली की शॉक बसत नाही.’ दुसरा हात नळाला लागला की चप्पल काय करणार?

रविवारी कराडला गेलो. स्वयंपाकघरात तीन आणि न्हाणीघरात एक, असे चार लूप तोडले. मागच्या अंगणात अर्थ इलेक्ट्रोड बसवून हिरवी वायर ओढली, आरसीसीबी परत लावला. तो लगेच पडला. सगळे एमसीबी खाली केले तरी पडतच होता, कारण एमसीबी फक्त फेज तोडतात आणि गळती न्यूट्रलमध्येही असू शकते. मग एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवत गेलो. तुळशीजवळच्या दिव्याचा न्यूट्रल सोडवल्यावर आरसीसीबी टिकला. होल्डर खोलला तर आत पावसाचं पाणी आणि मुंग्यांचं घर.

“एवढ्याशा दिव्यासाठी?” आत्या म्हणाली. नवा होल्डर 60 रुपयांना आला.