पॉज केल्यावर नक्की काय थांबायला हवं?

नमस्कार. एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचा आक्षेप असा, की रियाजाच्या वेबपानासाठी (त्यावर तानपुरा आणि तबल्याचा ठेका वाजतो) मी पॉज-रिझ्यूमचा उगाच पसारा मांडला. ऑडिओकॉन्टेक्स्टचं, म्हणजे ब्राउझरमध्ये ज्यातून पानाचा सगळा आवाज वाजतो त्याचं, सस्पेंड() आणि रिझ्यूम() एवढ्यात काम भागलं असतं. हे मला पटत नाही.

सस्पेंड() एखादा आवाज थांबवत नाही, ते अख्ख्या कॉन्टेक्स्टचं घड्याळच थांबवतं. करंटटाइम, म्हणजे त्या घड्याळातली वेळ, जागच्या जागी राहतो आणि त्या कॉन्टेक्स्टमधून वाजणारं सगळं गप्प होतं. रियाजाला बसलेल्याला ठेका थांबवून आलाप घ्यायचा असतो, तेव्हा तानपुरा चालूच हवा. तोही बंद पडला तर सूर धरायचा कशावर? दोन वेगळे कॉन्टेक्स्ट करता येतात, पण मग घड्याळंही दोन होतात आणि उद्या ठेक्याला लेहरा (आवर्तनाबरोबर फिरणारी धून) जोडायचा म्हटलं की वेळा जुळवत बसावं लागतं.

म्हणून पॉज ठेक्यापुरताच हवा. ठेका वाजवणाऱ्या ऑडिओबफरसोर्सनोडला मात्र पॉज() नाहीच. स्टार्ट() एकदाच चालतं, दुसऱ्यांदा केलंत की इनव्हॅलिडस्टेटएरर. तेव्हा बफर (डीकोड करून ठेवलेला आवाज) तोच ठेवून दर वेळी नोड नवा घ्यायचा. त्याचं ओझं नाही. जड असतो तो बफर. ४४.१ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज डीकोड झाल्यावर मिनिटाला सुमारे २१ एमबी खातो.

आता जागेचा हिशोब. त्रितालाचं १६ मात्रांचं, ८ सेकंदांचं आवर्तन लूपवर आहे. कॉन्टेक्स्टच्या घड्याळात १२ ला सुरू केलं, ३१.५ ला पॉज दाबला. गेले १९.५ सेकंद, ८ ने भागून बाकी ३.५. सात मात्रा झाल्या, आठवी यायची आहे. नव्या नोडला स्टार्ट(०, ३.५), म्हणजे लगेच आणि ३.५ सेकंदांपासून, असं दिलं की ठेका नेमका तिथून उचलतो. हे ३.५ पुढच्या पॉजच्या हिशोबात मिळवायला विसरायचं नाही. प्लेबॅकरेट (वाजण्याचा वेग) १ नसेल, तर गेलेल्या वेळाला आधी त्याने गुणायचं.

ऑडिओ टॅगचा तुमचा पर्याय तासाभराच्या मैफलीसाठी उत्तम, तिथे पॉज() आयतं मिळतं. ठेक्याला नको. लूपच्या सांध्यावर बारीक खंड पडू शकतो, आणि तो बरोबर समेवर येतो.

तानपुरा आणि ठेका दोन्ही बंद झाले की मीही सस्पेंड()च करतो, बॅटरी वाचते. तुमच्या पानावर एकच आवाज असेल तर तुमच्या दोन ओळी खुशाल ठेवा. माझी पद्धत घेणार असाल तर एंडेड इव्हेंट (नोडचा आवाज संपल्याची सूचना) मात्र तपासा: तो स्टॉप() केल्यावरही येतो, आणि त्यावर पुढचा ताल लावलेला असेल तर पॉज दाबताच तोच वाजू लागेल.