योगदंड, फोन आणि आमचे एक वाचक

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या जानेवारीतल्या यात्रेवर, म्हणजे आमच्या गड्ड्यावर, मी मागे लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. नाव दिलेलं नाही, खाली नुसतं ‘सोलापूरचाच, सध्या बाहेर’. म्हणणं थोडक्यात असं: मी भक्तीच्या नावाखाली कॅनडात, कॅल्गरीला राहणाऱ्या माझ्या मुलाला टोमणे मारले. सुनेचा उल्लेख अख्ख्या लेखात एकदाच केला. सोलापूरचं कौतुक करताना नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही ते सोयीस्कर विसरले. शेंगाचटणी हल्ली तिकडच्या दुकानातही मिळते, तेव्हा त्याचे कढ काढू नयेत. आणि शेवटी हे वाक्य: “काकू, राग मानू नका, पण खुद्द सिद्धेश्वरांनी लग्नात आपल्या जागी योगदंड उभा केला. मग तुमच्या मुलाच्या जागी फोन उभा राहिला तर बिघडलं कुठे?”

राग मानू नका, असं आधीच बजावून ठेवणाऱ्याला राग येणार हे पक्कं माहीत असतं. मला आला. मुद्दा पटला नाही म्हणून आला असं समजू नका, वादाची मला सवय आहे. घरात तीन भाषा आणि चार मतं घेऊनच आम्ही जेवायला बसतो. राग आला तो त्या ‘काकू’चा. ओळख ना पाळख, आणि काकू म्हणून पाठीवर हात ठेवायचा, मग त्याच हाताने चिमटा काढायचा. टीका करायची तर बाई म्हणा, लेखिका म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका.

सुनेचं मात्र मान्य. उल्लेख एकदाच आला, आणि तोही तिच्या हातच्या भाकरीबद्दल. पुढच्या वेळी लक्ष ठेवीन. पण तिने स्वतः तो लेख वाचला, खाली आवडल्याचा अंगठा टाकला आणि विषय संपला. तिला जे लागलं नाही ते तुम्हाला का लागावं, हे मला कळलेलं नाही.

आता योगदंड. वाक्य चटपटीत आहे, चार मित्रांत टाकलंत तर हशा मिळेल. पण कथा अर्धीच सांगितलीत. कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी, म्हणजे सिद्धेश्वरांशीच, लग्नाचा हट्ट धरला. ते शिवयोगी, संसार करणार नव्हते, म्हणून त्यांनी तिला योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. यात ते लांब कुठे होते असं कुणी सांगितलंय? रजा मिळाली नाही, तिकीट महाग होतं, असं काही नव्हतं. ते इथेच होते, याच गावात, हे तळं खोदायच्या कामात. योगदंड आला तो व्रतामुळे. माझ्या मुलाने कसलं व्रत घेतलेलं नाही, त्याने घरासाठी कर्ज घेतलंय. दोन्ही आदराच्या गोष्टी, पण एकीचा दाखला दुसरीला लावू नये.

शिवाय त्या मुलीचं पुढे काय झालं ते तुम्ही गाळलंत. सोलापूरचेच असाल तर तुम्हाला ते माहीत असणार. यात्रेत दर वर्षी तेच लग्न लावतात, पण अक्षता पडल्या की सगळं संपत नाही. त्यानंतर होम असतो, आणि यात्रेच्या मैदानाला होम मैदान हे नाव काही तिथे पाळणे लागतात म्हणून पडलेलं नाही. योगदंडाशी लग्न लागलेली ती मुलगी अग्नीत गेली, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत आली. बदली वस्तूवर माणूस किती दिवस काढतं, याचं उत्तर त्या कथेतच आहे. तुम्ही मला गप्प करायला ती काढलीत, म्हणून सांगितलं.

आणि फोन मी वापरत नाही असं कुठे लिहिलं होतं? ते लग्न लागतं त्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा इथे दुपार असते आणि कॅल्गरीत मध्यरात्र उलटलेली. पोरगा जागा राहतो. “आई, काय करालीस, जरा वर धर की,” म्हणतो. मी हात उंच करून धरते. त्याला दिसतं काय? पुढच्या माणसाची पांढरी टोपी, कुणाचा तरी कोपर, मध्येच आकाश. मिरवणुकीतल्या सात नंदीध्वजांपैकी, म्हणजे त्या उंच मानाच्या काठ्यांपैकी, एखाद्याचा शेंडा. ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ सुरू झालं की आवाज फाटतो आणि तिकडून “आई, काही ऐकू येईना,” एवढंच ऐकू येतं. त्याच्या वाटच्या अक्षता मीच टाकते. एका हातात फोन असला की मूठ नीट उघडत नाही, निम्म्या पदरात पडतात. एकदा करून बघा, मग फोन उभा करण्याबद्दल बोलू.

लहानपणी हाच मुलगा नंदीध्वजाचा सराव बघायला जायचा. यात्रेआधी तरुण पोरं तो वेळू पेलायचा सराव करतात, तेव्हा हा अभ्यास टाकून कट्ट्यावर बसलेला. बाराबंदी, म्हणजे यात्रेत घालतात तो बंदांचा पांढरा अंगरखा, शिवून दे म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. ती बाराबंदी कपाटात आहे एवढंच मी लिहिलं. त्याला तुम्ही टोमणा म्हणता. कपाटात आहे तर कुठे आहे म्हणून लिहू?

लांब राहणं काय असतं हे ‘तुम्हा लोकांना इथे बसून कळणार नाही’ असंही आपण म्हणालात. ह्यावर मात्र जरा सविस्तर सांगते. 1984 साली लग्न झालं आणि मी चंद्रपूरला गेले. यांची नोकरी तिथे. गाड्या बदलत यायचं, कडेवर पोर, ट्रंकेत सामान, आणि जानेवारीत रजा मागितली की साहेबांचा चेहरा बघवत नसे. भोगीला बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी केली तर शेजारच्या बाईंनी विचारलं, आज काय हो विशेष? घरी फोन करायचा तर ट्रंक कॉल लावून बसायचं, आणि लागला तर पहिलं मिनिट नुसतं “हॅलो, ऐकू येतंय का” यात जायचं. कितीतरी गड्डे माझे असेच गेले. यण्णीमज्जनाच्या दिवशी, म्हणजे लिंगांना तेल लावतात त्या दिवशी, सोलापुरातल्या अडुसष्ट लिंगांची नावं आठवायला बसायचे आणि निम्म्यातच अडकायचे. तेव्हा परदेशीच जावं लागतं असं नाही, चंद्रपूरही पुरतं.

सासूबाई दर वर्षी पाकीट पाठवायच्या. पत्र दोन ओळींचं, त्यांना मराठी लिहायचा कंटाळा, बोलणं सगळं कानडीत. पण आत कागदाच्या पुडीत अक्षता असायच्या आणि पाकिटाच्या कोपऱ्याला कुंकवाचा डाग पडलेला असायचा. ये असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. तुम्ही म्हणाल, बघा, त्या बोलल्या नाहीत आणि तुम्ही लेख लिहिलात. पण त्या पुडीने मला जेवढं रडवलं तेवढं कुणाच्या चार पानी बोलण्याने रडवलं नसतं. माझा लेख त्यापेक्षा सौम्यच म्हणायचा.

आणि तुम्ही काकू म्हणालातच, तर काकूच्या अधिकाराने एक विचारते. तुझी आई कुठे असते रे? सोलापुरात असेल तर तिला हा माझा लेख वाचून दाखवलास का? की मला उत्तर लिहिणं सोपं पडलं? माझ्या पोराची बाजू घ्यायला त्याने तुला वकीलपत्र दिलेलं नाही. त्याला माझ्याशी भांडता येतं, आणि तो भांडतो. शेवटी मी रुसते, मग दोघंही नातीच्या दातांबद्दल बोलतो. तू मध्ये आलास म्हणून एवढं लिहावं लागलं.

असो. पुन्हा ‘तुम्ही’वर येते.

पाण्याचं म्हणाल तर ते खरं आहे, उजनी धरण भरलं तरी नळाचं वेळापत्रक काही बदलत नाही. पण तो लेख पाण्यावर नव्हता. पाण्यावर लिहीन तेव्हा जरूर या, तिथे आपलं जमेल. करोनाच्या वर्षी, 2021 ला, यात्रा मोजक्या मानकऱ्यांत झाली आणि सगळ्या सोलापूरने अक्षता मोबाईलवरच पाहिल्या, हेही तुम्ही जाता जाता टाकलंय. पाहिल्या. संचारबंदी होती. अजून काही?

शेंगाचटणीवर मी बोलणार नाही. तिकडे बरणीत काय विकतात ते मुलाने एकदा फोनवर दाखवलं, रंग लाल होता एवढं खरं. खलबत्त्यात कुटताना तेल सुटतं ते काही त्या बरणीत दिसलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही, चार लोकांनी तिला दुजोराही दिलाय. फक्त पुढच्या खेपेला नाव लिहा आणि पेठ सांगा. पेठ कळली की निम्मं भांडण सोपं होतं.