आपला माणूस कोच झाला म्हणजे

गुवाहाटीत दक्षिण आफ्रिकेने आपल्याला ४०८ धावांनी हरवलं त्या आठवड्यात आमच्या मामे-मावस भावंडांच्या ग्रुपवर जी जुंपली, ती अजून मिटलेली नाही. पुण्यातला मामेभाऊ एका बाजूला: "२००७च्या फायनलमध्ये ७५, २०११च्या फायनलमध्ये ९७. त्या गंभीरला कोचिंग शिकवणारे आपण कोण?" ठाण्याची मावसबहीण दुसऱ्या बाजूला: "अमोल मुझुमदार भारताकडून एक सामना खेळला नाही, आणि ह्याच महिन्यात पोरींना वर्ल्ड कप जिंकून दिला त्याने. स्वतः स्टार झाले नाहीत तेच खरे कोच." मी मध्ये तोंड घातलं, तेव्हा मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. "ताई, तू तिकडे बसून नको सांगूस."

तिकडे म्हणजे कोलंबस, इंडियाना. इंजिनांच्या कंपनीमुळे इथे कोथरूड-कर्वेनगरची बरीच मंडळी आहेत, मीही त्यांतलीच. आणि भाऊ-बहीण ज्या वादावरून भांडतायत, तो वाद इंडियानात मी आल्यापासून ऐकते आहे. फरक इतकाच की इथे तो बास्केटबॉलवरून होतो, आणि इथल्या लोकांना त्याची किंमत मोजावी लागलेली असल्यामुळे ते जरा विचार करून बोलतात. ह्या राज्यात न्यू कॅसल नावाच्या लहानशा गावात शाळेच्या जिममध्ये आठ हजारांवर माणसं बसतात. इथे कोच कोण असावा हा गप्पांचा विषय नाही, कळकळीचा आहे.

माइक वुडसनचंच घ्या. इंडियानापोलिसचा मुलगा, नामांकित कोच बॉब नाइटच्या हाताखाली १९७६ ते १९८० इंडियाना विद्यापीठात खेळला. शेवटच्या वर्षी पाठीची शस्त्रक्रिया झाली, सगळ्यांना वाटलं संपलं, आणि तो मोसम संपायच्या आत परत आला आणि बिग टेन, म्हणजे इथल्या विद्यापीठांची लीग, जिंकून दिली. ही गोष्ट इथले साठीतले लोक अजून काल घडल्यासारखी सांगतात. २०२१ मध्ये विद्यापीठाने कोच आर्ची मिलरला काढलं. तो बाहेरचा, डेटनहून आणलेला, त्याच्या चार वर्षांत संघ एकदाही मार्चच्या स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, खेळला नाही. त्याला घरी पाठवायला देणगीदारांनी एक कोटी डॉलरवर पैसे मोजले. आणि त्या जागी आला वुडसन. आपला माणूस. ऑफिसात त्या दिवशी कोणी काम केलं असेल असं मला वाटत नाही.

पहिली दोन वर्षं संघ मार्चमध्ये पोचला. पुढची दोन वर्षं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत जाहीर झालं की मोसम संपला की वुडसन जाणार. तोवर असेंब्ली हॉलमध्ये, विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, त्याच लाल टीशर्टातले लोक त्याला काढा म्हणून ओरडून चुकले होते.

मामेभावाला मी हेच सांगत होते. फायनलमध्ये ९७ केले ह्याचा आदर करावा, जन्मभर करावा. पण ते ९७ ड्रेसिंग रूममधल्या दुसऱ्या पोराच्या बॅटमधून येत नाहीत. वाटल्यास आणखी नावं घे. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या ड्रीम टीममधले, म्हणजे अमेरिकेच्या ताऱ्यांनी भरलेल्या बास्केटबॉल संघातले, तिघे: क्लाइड ड्रेक्सलर, ख्रिस मलिन, पॅट्रिक यूइंग. तिघेही पुढे आपापल्या जुन्या कॉलेजात कोच म्हणून परत गेले. ड्रेक्सलर ह्यूस्टनला दोन वर्षं, १९ विजय, ३९ पराभव. मलिन सेंट जॉन्सला चार वर्षं, ५९ आणि ७३. यूइंगने १९८४ मध्ये जॉर्जटाउनला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. कोच म्हणून तिथेच सहा वर्षांत ७५ विजय, १०९ पराभव, आणि २०२१-२२च्या मोसमात बिग ईस्ट ह्या त्यांच्या लीगमधले एकोणीसच्या एकोणीस सामने हरले. त्याच्या नावाने तिथे पोरं वाढली असतील. त्याला काढताना विद्यापीठाला किती जड गेलं असेल ह्याची मला कल्पना आहे, कारण वुडसनच्या वेळी मी ते जवळून पाहिलंय.

एवढं वाचून ठाण्याची बहीण खूश होईल. तिने होऊ नये.

कारण कॉलेज बास्केटबॉलमधला सगळ्यात मोठा कोच ह्याच मातीतला, आमच्या शेजारच्या मार्टिन्सव्हिलचा जॉन वूडन, आणि तो खेळाडू म्हणून अव्वल होता. परड्यू विद्यापीठाकडून तीनदा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक कॉलेज खेळाडूंत, १९३२चा देशातला सर्वोत्तम. पुढे कोच म्हणून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला १९६४ ते १९७५ ह्या काळात दहा राष्ट्रीय विजेतेपदं. खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला माणूस. आणि ज्या महिन्यात ती मुझुमदारचं नाव घेऊन मला गप्प करत होती, त्याच महिन्यात साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाची कोच डॉन स्टेली नवा मोसम सुरू करत होती: खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, कोच म्हणून २०१७, २०२२ आणि २०२४ची राष्ट्रीय विजेतेपदं, त्यांत २०२४चा संघ ३८ पैकी ३८ जिंकलेला. स्टार चांगला कोच होत नाही म्हणणाऱ्याने आधी स्टेलीचं काय करायचं ते सांगावं.

मग फरक कुठे पडतो? माझं म्हणणं असं की माणूस किती मोठा खेळला हा प्रश्नच बाजूला ठेवा. कोच होण्याआधी त्याने कोणाला शिकवलं, ते विचारा.

वूडनने कॉलेजात येण्याआधी अकरा वर्षं शाळेत काढली. केंटकीतल्या डेटनला आणि इथे साउथ बेंडला इंग्रजी शिकवायचा आणि संघ सांभाळायचा. पुढे यूसीएलएमध्ये, देशातले सर्वोत्तम खेळाडू समोर बसलेले असताना, तो पहिल्या दिवशी त्यांना मोजे घालायला शिकवायचा. टाचेपाशी, बोटांपाशी एकही सुरकुती राहता कामा नये, कारण सुरकुतीने फोड येतो आणि फोड आलेला मुलगा सराव चुकवतो. हे शाळामास्तरालाच सुचतं. स्टेलीने टेंपल विद्यापीठात कोच म्हणून आठ वर्षं काढली, त्यातली बरीच स्वतः खेळत असताना. पेनी हार्डवे एनबीएतला, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमधला, एवढा मोठा तारा, पण मेंफिस विद्यापीठात येण्याआधी त्याने त्याच शहरातल्या मुलांना आधी मिडल स्कूलमध्ये आणि मग ईस्ट हायस्कूलमध्ये शिकवलं. तो टिकला.

इथे मामेभाऊ मला अडवेल, आणि त्याचा मुद्दा रास्त आहे. यूइंगने काय कमी उमेदवारी केली? दहा वर्षांहून जास्त एनबीएत सहायक होता. जुवान हॉवर्ड, तोही मिशिगन विद्यापीठाचा जुना स्टार, तिथला कोच होण्याआधी सहा वर्षं मायामीत सहायक. वुडसन तर अटलांटा आणि न्यूयॉर्कचा मुख्य कोच होता. खरंय. पण एनबीएत खेळाडू तयार होऊन येतो. त्याला पगार आहे, एजंट आहे, त्याच्या पायात काय दोष आहे हे सांगायला वेगळा माणूस आहे. कॉलेजच्या कोचला सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आजीसमोर बसावं लागतं, आणि मुलगा आला की अठराव्या वर्षी घर सोडल्यावर जे जे होतं ते सगळं त्याच्यासोबत काढावं लागतं. आता वर ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायची मोकळीक, आणि एनआयएलचे, म्हणजे खेळाडूला स्वतःच्या नावावर कमावता येणारे पैसे: मार्चमध्ये मोसम संपला की अर्धा संघ दुसरीकडे. हे काम एनबीएच्या बाकावर बसून शिकता येत नाही. हॉवर्डचंच बघा. २०२१ मध्ये एपी वृत्तसंस्थेचा कोच ऑफ द इयर, पण त्या संघातले लिव्हर्स आणि ब्रूक्स हे खेळाडू आधीचा कोच जॉन बीलाइनच्या काळात आलेले. पुढच्या वर्षी सामना संपल्यावर हस्तांदोलनाच्या रांगेत विस्कॉन्सिनच्या सहायकावर हात उचलला आणि पाच सामने बाहेर बसला. २०२४ मध्ये ८ विजय, २४ पराभव, आणि नारळ. त्याच्या जागी मिशिगनने आणलेला डस्टी मे इंडियानात बॉब नाइटच्या संघाचा स्टुडंट मॅनेजर होता. टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, सरावात रिबाउंड पकडून परत देणं, हे काम. पुढच्याच मोसमात त्याने बिग टेनची स्पर्धा जिंकून दिली.

माझी मुलगी मिडल स्कूलच्या संघात आहे. तिची कोच शाळेत विज्ञान शिकवते. एकदा मी लवकर पोचले तर बाई जमिनीवर गुडघे टेकून निळी टेप चिकटवत होत्या. पिव्हटचा, म्हणजे वळताना जागेवर रोवलेला, पाय कुठे राहायचा, दुसरा कुठे पडायचा, प्रत्येकीच्या उंचीप्रमाणे वेगळी खूण. चाळीस मिनिटं मुली बॉल न घेता त्या खुणांवर फिरत होत्या. उन्हाळ्यात ह्याच मुलींना एका शिबिराला नेलं होतं, तिथे व्यावसायिक खेळलेला एक पाहुणा आला. त्याने मागे सरकत शॉट मारून दाखवला. एकीने विचारलं, आधी कुठला पाय? त्याने तोच शॉट पुन्हा मारून दाखवला, पहिल्यापेक्षा झटक्यात. तो भला माणूस होता, तासभर सह्या देत थांबला. पण आधी कुठला पाय, हे त्याला स्वतःला कधी बघावंच लागलं नव्हतं.

मला राग येतो तो हा, की ज्या महाराष्ट्रात हे सगळं आधीपासून माहीत आहे तिथले लोक मला हे शिकवायला लावतात. रमाकांत आचरेकर सर उभ्या जन्मात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. त्यांच्या शिवाजी पार्कातून कोण कोण बाहेर पडलं ते मी सांगायला नको. त्यांचे दोन विद्यार्थी, चंद्रकांत पंडित आणि अमोल मुझुमदार, २०२२च्या रणजी फायनलला समोरासमोर कोच म्हणून बसले होते, एक मध्य प्रदेशाचा, एक मुंबईचा. पंडित पाच कसोट्या खेळलेले, मुझुमदार एकही नाही. जिंकलं मध्य प्रदेश. त्याआधी पंडितांनी विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली होती, ज्या विदर्भाला कोणी मोजत नव्हतं. आणि द्रविड? तो तर गंभीरपेक्षा मोठा फलंदाज. पण भारताच्या मोठ्या संघाकडे येण्याआधी त्याने एकोणीस वर्षांखालच्या आणि भारत 'अ'च्या पोरांबरोबर वर्षं घालवली. गंभीर आला तो आयपीएलमधल्या मार्गदर्शकपदावरून, जिथे दोन महिन्यांसाठी तयार खेळाडू मिळतात. चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, मान्य. तिथे तयारच खेळाडू होते. मायदेशात न्यूझीलंडकडून ३-० आणि दक्षिण आफ्रिकेकडून २-० हरलेल्या कसोटी संघाला मात्र शिकवणारा हवा होता.

मावसबहिणीलाही हेच. मुझुमदार भारताकडून खेळला नाही म्हणून जिंकला नाही. रणजीत दशकानुदशकं खेळून झाल्यावर त्याने राष्ट्रीय अकादमीत, आयपीएलमध्ये, मुंबईच्या संघात शिकवलं, म्हणून स्पर्धेच्या मध्यात लागोपाठ तीन सामने हरल्यावरही त्याच्या मुली कोसळल्या नाहीत.

पण ह्या युक्तिवादापलीकडचंही काही सांगितलं पाहिजे. फायनल संपली तेव्हा इथे रविवारची दुपार होती. डी. वाय. पाटील स्टेडियमवर कॅमेरा मुझुमदारवर गेला आणि मी रडले. कोचिंगच्या पद्धतीवर कोणी रडत नाही. शाळेच्या सामन्यात सचिन-विनोदची ६६४ची भागी चालू असताना पॅड बांधून बसून राहिलेला तो मुलगा, मराठी नावाचा, आमच्या पिढीतला, ज्याला कोणी बोलावलं नाही. आपला माणूस. वुडसन आला तेव्हा शेजारचे आजोबा का रडवेले झाले होते हे मला त्या दिवशी आतून कळलं. इथे इतकी वर्षं राहून, मुलगी इथे वाढवून, त्यांच्या त्या आनंदात मी पाहुणीच होते. १९८० माझं नव्हतं. आणि २०११ची ती फायनल, जी माझी आहे, तिच्यावर बोलायला गेलं की भाऊ म्हणतो, तू तिकडे बसून नको सांगूस. हे मला लागतं. ग्रुपवर मी ते लिहीत नाही, पण लागतं.

आपल्या माणसाची ही ओढ मला चूक वाटत नाही. चूक वाटते ती त्या ओढीवर नेमणूक करण्याची. ती करून मलिन, यूइंग, वुडसन ह्यांचं भलं झालं नाही. ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच त्यांच्या नावाने शिमगा केला. गंभीरचंही तेच चाललंय, आणि ज्याने ९७ केले त्याच्या वाट्याला हे यावं ह्याचं मला मामेभावापेक्षा जास्त वाईट वाटतं.

इंडियानाने ह्या वेळी डॅरियन डिव्हरीसला आणलं. आयोवाचा माणूस, इथे कधी खेळलेला नाही. क्रेटन विद्यापीठात मोठा काळ सहायक, मग ड्रेक विद्यापीठात सहा वर्षं मुख्य कोच, मग एक मोसम वेस्ट व्हर्जिनिया. शेजारचे आजोबा म्हणतात, हा आपला नाही. मी त्यांना म्हटलं, चार वर्षं द्या त्याला, पोरं शिकवलेला माणूस आहे. ते माझ्याकडे बघत राहिले, पण तू काय सांगतेस असं म्हणाले नाहीत. उलट त्यांनी मला ड्रेकचा संघ कसा खेळायचा ते विचारलं, आणि आम्ही अंगणात उभ्याउभ्या बराच वेळ त्यावर बोललो. मामेभावाने मला एकदा तरी विदर्भाचा संघ पंडितांनी कसा घडवला ते विचारावं. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.