औषधाच्या दुकानापर्यंतचा फुटपाथ

डॉक्टरांनी आईला सांगितलं, "आजी, गुडघे चांगले ठेवायचेत ना? मग रोज चाला." आई म्हणाली, "कुठे?" डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंतचं अंतर १८० मीटर. फुटपाथ आहे. पेव्हर ब्लॉकचा, लाल-पिवळा, अधूनमधून नवा होणारा. गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी मी आणि सोसायटीतल्या दोघी टेप, वही आणि पेन घेऊन तो मोजायला गेलो. (ही अक्कल आमची नव्हे, कुठून आली ते पुढे सांगते.) तर या १८० मीटरांत माणसाला सात वेळा खाली उतरावं लागतं आणि सात वेळा वर चढावं लागतं. दर सोसायटीच्या गेटपाशी गाड्या आत घ्यायला फुटपाथ कापलाय. सगळ्यात उंच कडा २८ सेंटिमीटर निघाली. आमच्या जिन्याची पायरी १७ आहे, घरी येऊन तीही मोजली. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं मानक म्हणतं, कडा १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आमच्याकडे विजेच्या डीपीच्या पेटीपाशी ५५ सेंटिमीटर उरतात. तिथून आई वॉकर आडवा धरून, भिंतीला खांदा घासत जाते. म्हणजे जायची. आता ती रस्त्यावरूनच चालते आणि मी तिच्या उजव्या हाताला, रिक्षा आणि ती यांच्यामध्ये.

फुटपाथचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे फेरीवाल्यांवर घसरतात. मीही घसरायचे. वहीत काय सापडलं ते सांगते. भाजीची हातगाडी एक, चहाची टपरी एक, वीज आणि केबलवाल्यांच्या पेट्या चार, वाढदिवसाच्या फ्लेक्सचा सांगाडा एक, कुणाच्या तरी बाथरूमच्या फुटलेल्या फरशांचा ढीग एक. आणि दुचाक्या २३. त्यातली एक माझी. "दोन मिनिटांत येते" म्हणून रात्री लावलेली, सकाळी तिथेच. बरोबरच्या दोघींनी ती निमूटपणे वहीत लिहिली आणि पुढे गेल्या.

आता ही मोजायची अक्कल कुणाची ते. पुण्यात 'परिसर' नावाची संस्था आहे, ऐंशीच्या दशकापासूनची. चालणारे, सायकलवाले आणि बसने जाणारे यांच्या बाजूने ती बोलत आली आहे. मी वर्षानुवर्षं त्या लोकांना मनातल्या मनात 'हरकतवाले' म्हणायचे. उड्डाणपूल म्हटला की यांची हरकत, रस्ता रुंद करायचा म्हटला की यांची हरकत. शहर पुढे जाऊ द्यायचं की नाही? मग २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल पाडताना पाहिला. मेट्रोच्या कामासाठी पाडला, धड पंधरा वर्षंही झाली नव्हती त्याला. तो बांधताना झालेला खर्च आठवून कुणाच्या कपाळावर आठी पडलेली मला तरी दिसली नाही. पण जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले, बसायला बाक आणि पोरांना खेळायला चार वस्तू ठेवल्या, तेव्हा आमच्याच घरात "पैशांची उधळपट्टी" यावर दोन रविवार चर्चा झाली होती! हल्ली संध्याकाळी त्याच बाकांवर जागा मिळत नाही.

कागदावर आपण श्रीमंत आहोत हो. वाहनं नव्हे, माणसं इकडून तिकडे नीट गेली पाहिजेत, हे राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात २००६ पासून लिहिलेलं आहे. पुण्याचं पादचारी धोरण २०१६ चं, सायकल आराखडा २०१७ चा. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळा नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अशा संस्थांचं काम हा कागद रस्त्यावर उतरवण्याचं. ते दिसायला अगदी कंटाळवाणं असतं. मोजमाप घ्या, फोटो काढा, हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत अर्ज द्या, अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली किती पैसे पडलेत ते वाचा, पुढच्या वर्षी परत तेच. यात भाषण नाही, घोषणा नाही, पेपरात फोटो नाही. म्हणून आपल्याला वाटतं की हे लोक काहीच करत नाहीत.

२०२२ मध्ये देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. हा सरकारी आकडा. दिवसाला जवळपास नव्वद. नव्वद माणसं म्हणजे आमच्या सोसायटीच्या दोन विंग.

सायकलचं आईसमोर बोलायची सोय नाही. सत्तरच्या दशकात ती रोज लेडीज सायकलवरून नोकरीला जायची, पुढच्या बास्केटमध्ये डबा आणि छत्री. सायकलींचं शहर म्हणून पुण्याची ओळख होती तेव्हाची गोष्ट. नंतर सायकल ट्रॅक झाले, तेव्हा ती मोठ्या हौसेने बघायला आली. मध्येच झाड, मध्येच बसथांबा, आणि एका ठिकाणी ट्रॅक थेट भिंतीला जाऊन टेकलेला. "हा सायकल शिकलेल्या माणसाने आखलेला नाही," एवढंच म्हणाली.

माझा नवरा म्हणतो, "गाड्या एवढ्या वाढल्यात, फुटपाथ रुंद केलास तर त्या जाणार कुठून?" प्रश्न खोटा नाही. पण उलटा प्रश्न कुणी विचारत नाही. वॉकर घेतलेली बाई जाणार कुठून? गाडीला दुसरा रस्ता असतो, वळसा असतो, वाट बघणं असतं. आईला १८० मीटरांना दुसरा रस्ता नाही.

'परिसर'सारख्या मंडळींचं सगळंच मला पटतं असं मात्र नाही. फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब लावायचा आग्रह सगळेच धरतात, मीही धरला होता. मग मोजायला बसले. व्हीलचेअर जायची तर दोन खांबांमध्ये साधारण ९० सेंटिमीटर हवेत. स्कूटरचं हँडल साधारण ७०. म्हणजे व्हीलचेअर जाईल तिथून स्कूटर जाणारच, आणि स्कूटर अडवली तर व्हीलचेअरही अडली. याला खांबवाला उपाय मला अजून सापडलेला नाही. समोरून फुटपाथवर स्कूटर आली की मी आता बाजूला होत नाही, एवढंच करते. परवा एका काकांनी हॉर्न वाजवला. मी म्हटलं, "काका, फुटपाथ आहे हा." ते म्हणाले, "मग काय झालं? रस्त्यावर ट्रॅफिक आहे ना!" यावर काय बोलणार?

गेल्या ११ डिसेंबरला आईला लक्ष्मी रस्त्यावर नेलं. २०२१ पासून या तारखेला तिथे पादचारी दिन करतात, एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद. पोरं भर रस्त्यात खडूने चित्रं काढत होती. आई आधी सवयीने कडेकडेने चालली. "आई, मधून चाल," म्हटलं. तिने मागे वळून बघितलं, परत बघितलं, मग आली मध्ये. तासाभरात एकदाही हात धरला नाही माझा. गुडघे रात्री दुखले, ते वेगळं.

आमच्या मोजणीचं म्हणाल तर वहीतली पानं फोटोसकट एका कार्यालयात दिली. पहिल्यांदा "साहेब साइटवर गेलेत", दुसऱ्यांदा "मॅडम, हे आमच्याकडे येत नाही", तिसऱ्यांदा पोच मिळाली. अकरा महिन्यांनी कोपऱ्यावरच्या गेटपाशी फुटपाथला उतार करून दिला. छान, सिमेंटचा, वॉकर सहज जातो. पण एकाच बाजूला. आई तिथून ऐटीत उतरते आणि गेटच्या पलीकडे पुन्हा त्याच २८ सेंटिमीटरच्या कड्यासमोर उभी राहते.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही समोरच्या बाजूचा फुटपाथ मोजणार आहोत. दोघींपैकी एक लेकीकडे गेली आहे आणि १५ मीटरचा टेप धरून शिवाय वहीत लिहायचं म्हणजे तिघं तरी लागतात. जवळपास राहणारं कुणी येत असेल तर कमेंटमध्ये सांगा. स्कूटर घेऊन येऊ नका, लावायला जागा नाही.